पायरी आणि समाधान : निपाणीच्या तंबाखू-वखारीवरील एका चित्रपटाच्या निमित्ताने

मराठी भाषेत माणसाच्या सामाजिक स्थानासाठी 'पायरी' हा शब्द रूढ आहे. 'आपली पायरी ओळखून वागावे', 'पायरी सोडून बोलू नये' असे आपण सहज म्हणतो, आणि म्हणताना दोन गोष्टी गृहीत धरतो. समाज हा एक जिना आहे, ही पहिली. आणि जो आपल्या पायरीवर स्वस्थ उभा राहतो तो सुखी होतो, ही दुसरी. या दुसऱ्या गृहीतकास आपल्या प्रवचनांतूनही पुष्कळदा आधार मिळतो. संतुष्ट वृत्ती हा सद्गुण म्हणून शिकविला जातो, आणि तो सद्गुण आहेही. परंतु तो कोणी, कोणास आणि कोणत्या प्रसंगी शिकवावा, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आम्ही एका कलाकृतीच्या आधारे करणार आहोत. ती कलाकृती म्हणजे 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा १९८२ साली तयार झालेला लहानसा कृष्णधवल माहितीपट. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या 'युगांतर' या गटाने तो निर्माण केला. त्याचा विषय निपाणीच्या तंबाखू-वखारींत राबणाऱ्या स्त्रिया आणि त्यांनी उभारलेली संघटना हा आहे. याच लढ्यावर छाया दातार यांचे 'वेजिंग चेंज' हे इंग्रजी पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले. सीमाभागात सेवा करणाऱ्या धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी या दोहोंची दखल घ्यावी असे आम्हांस वाटते. तथापि केवळ परिचय करून देणे हा आमचा हेतू नाही. सामाजिक स्थान आणि जीवनातील समाधान यांच्या संबंधाविषयी अलीकडे जे संशोधन झाले आहे, ते या चित्रपटाच्या शेजारी ठेवून पाहावे, आणि मग दोन्ही शुभवर्तमानाच्या प्रकाशात तपासावीत, असा आमचा प्रयत्न आहे.

१. शिडीची मोजणी

पाश्चात्त्य समाजशास्त्रज्ञांनीही माणसाचे समाधान मोजण्यासाठी शिडीचेच चित्र निवडले, ही गोष्ट लक्षणीय आहे. हॅडली कॅन्ट्रिल यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निरनिराळ्या देशांतील लोकांपुढे एक शिडी मांडली. तिच्या माथ्यावर आपल्या कल्पनेतील सर्वोत्तम जीवन, तळाशी सर्वांत वाईट जीवन. आज आपण कोठे उभे आहात, असा साधा प्रश्न. त्या देशांत भारतही होता. पुढे २००० साली नॅन्सी ॲडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच दहा पायऱ्यांची शिडी वापरून, समाजात आपले स्थान कोठे आहे असे माणसास वाटते, हे विचारावयास सुरुवात केली. या चौकशीतून आढळून आले की, माणसाचे उत्पन्न व शिक्षण यांच्याइतकाच, किंबहुना काही बाबतींत त्यांहून अधिक, त्याच्या मनातील स्वतःच्या स्थानाचा संबंध त्याच्या आरोग्याशी व मनःस्थितीशी असतो.

२०१२ साली कॅमेरॉन अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विचारास एक महत्त्वाची जोड दिली. राष्ट्राच्या भल्या मोठ्या शिडीवरील स्थानापेक्षा, ज्या लहानशा वर्तुळात माणूस रोज वावरतो त्या वर्तुळात त्यास मिळणारा आदर हा त्याच्या समाधानाशी अधिक निगडित असतो, असे त्यांनी दाखविले. ज्या धर्मगुरूने खेडेगावात दहा वर्षे काढली आहेत त्यास हे नवे वाटणार नाही. गावचा वृद्ध सुतार पैशाने श्रीमंत नसेल. पण लग्नकार्यात त्याचा शब्द घेतला जात असेल, तर तो समाधानाने मरण पावतो. आणि शहरात मोठा पगार मिळविणारा त्याचा मुलगा कचेरीत कोणी ओळख देत नाही म्हणून खंतावतो.

इतपर्यंत या संशोधनाशी आमचा वाद नाही. परंतु एक अडचण आहे, आणि तीही संशोधकांनीच समोर आणली आहे. रॉबर्ट बिस्वास-डीनर व एड डीनर यांनी कलकत्त्याच्या झोपडपट्टीतील रहिवासी, पदपथावर राहणारे लोक आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांना त्यांच्या समाधानाविषयी विचारले. २००१ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. एकंदर जीवनाविषयीचे समाधान थोडेसे उणेच भरले. परंतु कुटुंब, मैत्री, स्वतःची नीतिमत्ता अशा एकेका अंगाविषयी विचारले असता बहुतेक उत्तरे समाधानाकडे झुकणारी आली. बाहेरून पाहणाऱ्यास जेवढे दुःख अपेक्षित होते तेवढे ते नव्हते.

याचा अर्थ काय करावयाचा? दोन अर्थ संभवतात. गरीब माणसाजवळ नात्यांचे आणि स्वाभिमानाचे असे धन असते की जे आपणांस दिसत नाही, हा एक अर्थ. तो खरा आहे, आणि गरिबांची दया करण्याची ज्यांना सवय जडली आहे त्यांनी तो मनावर घ्यावा. दुसरा अर्थ अमर्त्य सेन यांनी वारंवार पुढे मांडला आहे. दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस आपल्या इच्छाच आखूड करून घेतो. जे मिळणे अशक्य ते मागावयाचे नाही, असे मनास शिकवितो. आणि मग विचारणाऱ्यास 'बरे चालले आहे' असे सांगतो. अशा उत्तराची मोजणी करून त्याला समाधान म्हटले, तर अन्याय जितका जुना तितका तो सुखकारक, असा विपरीत निष्कर्ष निघेल.

शिडीच्या प्रश्नातील उणीव आमच्या मते येथे आहे. तुम्ही कोणत्या पायरीवर आहात, एवढेच ती विचारते. शिडी कोणी बांधली, ती कोणाच्या घराला टेकविली आहे, आणि खालच्या पायरीवरील माणसास ती मान्य आहे काय, हे ती विचारीत नाही. निपाणीच्या स्त्रियांनी नेमके हेच विचारले.

२. वखारीतील जिना

निपाणी हे गाव आज कर्नाटकातील एका तालुक्याचे ठिकाण आहे; त्या काळी ते चिकोडी तालुक्यात मोडत असे. पुणे-बंगळूर महामार्गावरील ही बाजारपेठ विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. तंबाखूभोवती येथे एक संपूर्ण जिना उभा राहिला. माथ्यावर वखारीचे मालक व व्यापारी, त्यांच्याखाली तंबाखू पिकविणारा शेतकरी, मग मुकादम, आणि तळाशी, धुळीने भरलेल्या वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या व निवडणाऱ्या स्त्रिया. त्यांच्याही खाली, गावाच्या बोलण्यात, देवाला सोडलेल्या स्त्रिया.

या जिन्याची खुबी अशी की, प्रत्येक पायरीवरच्या माणसास पाहावयास वर कोणी आहे आणि खालीही कोणी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जातिव्यवस्थेस श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते याच कारणाने. केवळ दोनच पायऱ्या असत्या तर खालचे सर्वजण एकत्र आले असते. अनेक पायऱ्या असल्यामुळे जवळजवळ प्रत्येकास कोणाहून तरी वरचढ असल्याचे लहानसे सुख मिळते, आणि त्या सुखाच्या मोबदल्यात तो संपूर्ण जिना सहन करतो. बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली एप्रिल १९२५ मध्ये निपाणीतच भरली होती, याची आठवण येथे अप्रस्तुत होणार नाही.

१९८० च्या सुमारास या जिन्याला दोन ठिकाणी हादरे बसले. १९८१ साली तंबाखू-उत्पादक शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्ग रोखून धरला. एप्रिलच्या ६ तारखेस झालेल्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्याच सुमारास, प्राध्यापक सुभाष जोशी यांच्या साहाय्याने, वखारीतील स्त्रिया संघटित होत होत्या. शेतकऱ्यांच्या लढ्याची गाथा पुष्कळांस ठाऊक आहे. स्त्रियांच्या लढ्याची आठवण मात्र मुख्यत्वे या चित्रपटाने आणि दातार यांच्या पुस्तकाने जपली आहे.

चित्रपटाचा पहिला गुण असा की, तो त्या स्त्रियांविषयी बोलत नाही. त्यांना बोलू देतो. निर्मात्यांनी या कामगार स्त्रियांच्या सहवासात राहून, त्यांचे ऐकून घेऊन चित्रपटाची रचना केली. कॅमेरा वखारीच्या आत जातो. तेथील धूळ, वाकलेल्या पाठी, तोंडावर घेतलेला पदर दिसत असताना त्यांचेच शब्द कानी पडतात. समाजकार्यावरील चित्रपटांत सर्वसाधारणपणे जो सुशिक्षित निवेदकाचा आवाज असतो, तो येथे पडद्यावर राज्य करीत नाही. या निवडीचे महत्त्व केवळ तंत्रापुरते नाही. ज्या स्त्रीस वखारीत नावाने कोणी हाक मारीत नाही, तिचा आवाज पडद्यावर प्रमाण मानला जाणे, हीच तिच्या पायरीत झालेली पहिली सुधारणा होय.

दुसरा गुण असा की, मजुरी आणि मान यांची फारकत तो होऊ देत नाही. वखारीतील स्त्रियांच्या तक्रारी ऐकणाऱ्यास वाटेल की हा तर मजुरीच्या दराचा आणि तासांचा प्रश्न. तो आहेच. परंतु त्याच तक्रारींत शिवीगाळ आहे, मुकादमाची व मालकाची वाईट नजर आहे, आडोशाची सोय नसल्याची लाज आहे, तान्ह्या मुलास ठेवण्यास जागा नसल्याची घालमेल आहे. कायद्याच्या कागदावर यांपैकी पुष्कळ गोष्टी आधीच मान्य झाल्या होत्या. विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा १९६६ साली झाला. त्यात कामाचे तास, स्वच्छतेच्या सोयी, पाळणाघर यांची तरतूद होती. म्हणजे राज्याच्या दप्तरात या कष्टकऱ्यांची पायरी चौदा वर्षांपूर्वीच उंचावली होती. वखारीच्या उंबरठ्याआत ती उंचावली नव्हती. जेथे माणूस रोज वावरतो तेथील आदर हाच समाधानाशी निगडित असतो, हे संशोधकांनी २०१२ साली मांडलेले मत येथे तीस वर्षे आधी प्रत्ययास येते.

शीर्षकाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. इंग्रजीत या चित्रपटाच्या नावात निखाऱ्यांचा उल्लेख आहे. मराठीत आग नाही, निखारे नाहीत, केवळ ऊब आहे. दाबून रचलेल्या ढिगात आतल्या आत जी ऊब धरते, ती सुट्या पानात धरत नाही. सुटी सुटी असताना जी स्त्री 'आमचे असेच चालायचे' म्हणत होती, तिला चार जणींसोबत बसल्यावर आपले दुःख हे नशीब नसून व्यवहार आहे, हे उमगले. तिचे असमाधान वाढले; आणि त्या असमाधानात पूर्वीच्या समाधानापेक्षा अधिक आरोग्य होते. समाधानाचे आकडे मोजणाऱ्या पद्धतीस हे कसे नोंदविता येईल, याचे उत्तर आम्हांस अद्याप मिळालेले नाही.

चित्रपटाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो लढ्याच्या भरात काढलेला आहे, आणि अर्ध्या तासाहूनही लहान आहे. ऊब पुढे किती काळ टिकली, संघटित झालेल्या स्त्रियांनी आपल्याहून खालच्या पायरीवरील स्त्रीस कसे वागविले, घरात नवऱ्यापुढे व सासूपुढे त्यांची पायरी बदलली काय, हे तो सांगू शकत नाही. दातार यांचे पुस्तक पुढच्या काळात लिहिले गेल्यामुळे त्यास अधिक सवड आहे. म्हणून दोन्ही एकत्र अभ्यासावीत, अशी आमची शिफारस आहे.

३. सीमेची पायरी

निपाणीत राहणाऱ्या मराठी माणसाची आणखी एक पायरी आहे, आणि ती १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेने निर्माण केली. घरात मराठी, कचेरीत कन्नड, अशी ज्याची स्थिती झाली त्यास आपण आपल्याच गावात दुय्यम ठरलो असे वाटू लागले. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावे परंतु निपाणी महाराष्ट्रास द्यावी, असे सुचविले. ते अंमलात आले नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. निपाणीच्या विद्यार्थ्यांचे देवचंद महाविद्यालय गावालगतच, परंतु सीमेपलीकडे अर्जुननगर येथे, महाराष्ट्राच्या हद्दीत उभे आहे. अशा ठिकाणी 'मी कोठे उभा आहे' हा प्रश्न अक्षरशः विचारला जातो.

भाषेचा अभिमान हा खरा आहे, आणि मातृभाषेत कारभार व्हावा ही मागणी न्याय्य आहे. तथापि येथेही एक सावधगिरी हवी. ज्यास वखारीत मान नाही त्यास मिरवणुकीत मान मिळतो. पताका हाती घेतल्यावर वखारमालक आणि हमाल हे एका दिवसापुरते समान होतात. दुसऱ्या दिवशी वखार उघडते तेव्हा जिना जेथल्या तेथे असतो. बंगळूरच्या गटाने कर्नाटकातील स्त्रियांवर मराठी नावाचा चित्रपट काढला, ही गोष्ट म्हणूनच आम्हांस बोलकी वाटते. त्या स्त्रियांच्या मजुरीचा प्रश्न कोणत्याही एका राज्याच्या अस्मितेत मावणारा नव्हता.

४. द्राक्षमळ्यातील मजूर

आता शुभवर्तमानाकडे वळू. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दृष्टान्त आपण सर्वांनी अनेकदा स्पष्ट करून सांगितला आहे. दिवसभर राबलेल्यांना आणि शेवटच्या तासास आलेल्यांना धनी सारखीच मजुरी देतो, आणि पहिले कुरकुर करतात. या दृष्टान्ताचा उपयोग 'मिळेल त्यात समाधान माना, दुसऱ्याकडे पाहू नका' असे सांगण्यासाठी केला जातो. मजुरांनी भरलेल्या मंदिरात तो असा सांगितला गेला, तर वखारमालकास त्याहून सोयीचे प्रवचन मिळणे कठीण.

परंतु दृष्टान्त बारकाईने वाचला पाहिजे. पहिल्या मजुरांची मजुरी कमी झालेली नाही. ठरल्याप्रमाणे ती त्यांच्या हातावर पडली आहे. त्यांचे गाऱ्हाणे असे की, जे उशिरा आले ते आमच्या रांगेत आणून बसविले गेले. म्हणजे त्यांनी पैसा गमावलेला नाही, पायरी गमावली आहे. आणि धनी जे करतो ते असे : दिवसभर बाजारात उभे राहूनही ज्यांना कोणी काम दिले नाही, त्यांच्या घरीही चूल पेटावी एवढी पूर्ण दिवसाची मजुरी तो देतो. येथे तळाचा माणूस वर घेतला जातो, आणि वरच्याचे नुकसान होत नाही. नाहीसे होते ते केवळ वरचढपणाचे सुख. जो मालक दिवसाच्या गरजेहून कमी मजुरी देतो त्यास या धन्याच्या जागी स्वतःस कल्पिता येणार नाही. त्याच्यासाठी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय आहे. तेथे अडवून ठेवलेली मजुरीच ओरड करते.

लूकच्या अठराव्या अध्यायातील परूशी हाही समाधानी माणूस आहे. शिडीचा प्रश्न त्यास विचारला असता तर त्याने वरचीच पायरी दाखविली असती. पण त्याच्या समाधानासाठी शेजारी एक जकातदार उभा असावा लागतो. कोणीतरी खाली असल्याशिवाय जे टिकत नाही त्या समाधानास प्रभूने नीतिमत्त्व मानले नाही.

मग संत पौलाचे काय? फिलिप्पैकरांस लिहिताना कोणत्याही स्थितीत संतुष्ट राहण्यास आपण शिकलो असल्याचे तो सांगतो. हे लिहिताना तो बंदिवासात होता, आणि ही साक्ष तो स्वतःविषयी देत होता. दुसऱ्याच्या साखळ्यांविषयी तो असे म्हणत नाही. आमच्या विवेचनाचे सार येथेच आहे : संतुष्टता ही माणसाने स्वतःच्या जीवनाविषयी द्यावयाची साक्ष आहे, वरच्या पायरीवरून खालच्यास ती नेमून देता येत नाही. आणि वरच्या पायरीवरून आपण धर्मगुरू पुष्कळदा बोलत असतो, हे विसरून चालणार नाही.

परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये, म्हणजे निपाणीच्या स्त्रियांचा लढा चालू असतानाच्या काळात, 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' हे श्रमाविषयीचे परिपत्रक प्रसृत केले. कामाचे मोल ते कोणत्या प्रकारचे आहे यावरून प्रथम ठरत नाही. ते करणारी एक मानवी व्यक्ती आहे यावरून ठरते, हा त्याचा गाभा. ही शिकवण पूर्णांशाने स्वीकारली, तर तंबाखू चाळणारी स्त्री आणि हिशेब लिहिणारा कारकून यांच्यातील पायरीचा आधारच निखळतो.

५. आपल्या मंदिरांतील पायऱ्या

या चर्चेचा शेवट आपल्या अंगणात व्हावयास हवा. सीमाभागातील आपल्या ख्रिस्ती समाजाच्या पूर्वजांवर एक जुना आरोप आहे, की ते धान्यासाठी ख्रिस्ती झाले. हा आरोप करणारे, आणि निपाणीच्या बाया केवळ चार पैशांसाठी रस्त्यावर आल्या म्हणणारे, एकच चूक करतात. ज्यास गावकुसाबाहेर ठेवले होते, त्यास कोणी मिशनरी आपल्या ओसरीवर बसवून घेतो, त्याच्या मुलास पाटी देतो, त्याच्या मृतास नाव घेऊन मूठमाती देतो. तेव्हा त्यास भाकरीबरोबर जे मिळते त्याचे वजन भाकरीहून अधिक असते. आपल्या पूर्वजांनी मान शोधला, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

परंतु तो मान आज आपल्या मंदिरांत सर्वांस मिळतो काय? बेळगाव धर्मप्रांताची स्थापना १९५३ साली झाली. या भागात मराठी, कन्नड, कोंकणी आणि इंग्रजी अशा अनेक भाषांत उपासना होते, आणि निरनिराळ्या मूळ समाजांतून आलेली कुटुंबे एकाच वेदीभोवती जमतात. कोणत्या भाषेच्या मिस्सेस सोयीची वेळ मिळते? सणाच्या दिवशी पुढच्या खुर्च्या कोणासाठी राखल्या जातात? विवाह जुळविताना पूर्वीची जात कोण विचारतो? लूकच्या चौदाव्या अध्यायात भोजनास आलेल्यांना प्रभूने जे शिकविले ते आपल्या खुर्च्यांच्या मांडणीत दिसते काय?

आणि धर्मशिक्षकांविषयी दोन शब्द. आपल्या ख्रिस्तसभेत सर्वांत अधिक पायपीट करणारा, आजाऱ्याच्या खाटेशी सर्वांआधी पोहोचणारा हा सेवक मानधनाने आणि मानाने पुष्कळदा सर्वांत खालच्या पायरीवर असतो. त्याच्या समाधानी वृत्तीची स्तुती करणारी भाषणे आपण केली आहेत. त्याच्या मानधनाचा विचार करावयाच्या सभेत त्यास बसावयास जागा असते काय, याची चौकशी प्रत्येक धर्मग्रामाने करावी. निपाणीच्या चित्रपटाने जो धडा घालून दिला तो येथेही लागू आहे : ज्याच्याविषयी निर्णय घ्यावयाचा, त्याचा आवाज प्रथम ऐकला पाहिजे.

घरभेटीच्या वेळी 'काय, समाधान आहे ना?' असे विचारण्याची आपली पद्धत आहे. उत्तर ठरलेले असते, आणि ते ऐकून आपण आशीर्वाद देऊन उठतो. त्याऐवजी आपण विचारावे की, कामावर तुम्हांला कशी हाक मारतात. मजुरी कोण मोजून देतो आणि देताना काय बोलतो. दुखले-खुपले तर कोणाला सांगता. या प्रश्नांची उत्तरे लांब असतात, आणि ती ऐकण्यास बैठक मारावी लागते. 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा चित्रपट धर्मशिक्षकांच्या पुढील शिबिरात दाखविला जावा, आणि त्यानंतरचा एक तास अशाच प्रश्नांसाठी राखून ठेवावा, अशी आमची सूचना आहे.